कार्यक्रम सातवा : ग्रँड फिनाले

बालवाडीच्या संमेलनाच्या दोनशे पत्रिका घरोघर वाटून झाल्या, तेव्हा कुठे बिट्टीच्या आईने त्यातली एक नीट वाचली. तिसरा कार्यक्रम बेडकांचा नाच, सहावा मोठ्या बाईंचे आभार. आणि त्याखाली, तिने कधी लिहूनच न दिलेला सातवा : ग्रँड फिनाले.

पत्रिका छापून आणायचं काम तिने आपणहून मागून घेतलं होतं. बिट्टी घरी झोपेतसुद्धा बडबडायची. पण बालवाडीत सात महिन्यांत तिने मिठाची गुळणी सोडली नव्हती. मोठ्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, की संमेलनापर्यंत बोलली तर ठीक, नाहीतर आणखी एक वर्ष याच वर्गात बसवू. संमेलनात तिला काम मिळालं होतं तेही न बोलण्याचं, पडद्याची दोरी ओढायचं. निदान पत्रिका तरी देखणी आणावी, असं आईला वाटलं होतं.

छापखान्याचे काका भले गृहस्थ. पण कागदावर मोकळी जागा दिसली की त्यांनाच उघडं पडल्यासारखं व्हायचं. पत्रिकेच्या तळाशी दोन बोटं जागा उरली, म्हणून त्यांनी आदल्या आठवड्यातल्या एका नृत्यवर्गाच्या पत्रिकेची शेवटची ओळ उचलून तिथे बसवली. नमुना फोनवर आला तेव्हा तिच्या मांडीवर धाकटा दूध पीत होता. तिने न वाचताच एका हाताने 'छान' असं कळवून टाकलं होतं.

"काका, हे काय असतं ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही बुवा," काका म्हणाले. "पण खाली शोभतं."

घरी सासऱ्यांनी कपाटावरचा जाडजूड शब्दकोश उतरवला आणि भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. मग चष्मा काढून बसले.

"साध्या शेवटाला हा शब्द चालत नाही, सूनबाई. जेवण संपलं, नळाचं पाणी गेलं, हे नुसते शेवट. फिनाले म्हणजे शेवटी सगळेच्या सगळे एकदम येतात. एकही बाहेर राहत नाही. बघणाऱ्याची वाचाच बसते." त्यांनी आत कुणी झोपलं असावं इतक्या हळू कोश मिटला. "आणि हा तर ग्रँड."

चूक कबूल करायला ती मोठ्या बाईंकडे गेली, तर बाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. एवढं सगळं गुपचूप बसवलंत आणि बोलला नाहीत, म्हणाल्या. मी काही विचारणार नाही, मलाही सगळ्यांबरोबरच बघू दे. प्रमुख पाहुणे अग्निशमन दलाचे साहेब होते. ते अर्ध्या तासात निघणार होते. आता शेवटपर्यंत थांबतो म्हणाले होते. शेजारच्या वाचनालयातून साठ खुर्च्या मागवल्या गेल्या होत्या. हे सगळं ऐकून घेऊन बिट्टीची आई मान डोलावून परत आली.

नवऱ्याने उपाय काढला. रंगमंचाच्या वर एक चादर बांधायची, तिच्यात शंभर फुगे, आणि शेवटी दोरी ओढायची. त्याने गाठही स्वतःच मारली. ती तिसऱ्याच कार्यक्रमात सुटली. शंभर फुगे बेडकांच्या डोक्यावर आले आणि बेडकांनी नाच सोडून ते एकेक करून फोडले. टाळ्या खूप पडल्या. फिनाले मात्र संपून गेला.

सहावा कार्यक्रम झाला. बिट्टीने दोरी ओढून पडदा बंद केला. मोठ्या बाईंनी थरथरत्या आवाजात "ग्रँड फिनाले" असं जाहीर केलं, तशी बिट्टीने उलटी दोरी ओढून तो उघडला. रंगमंच रिकामा. बाजूला आई उभी, हातात उरलेला एक फुगा. दोनशे माणसं श्वास धरून बसली. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बिट्टीने वाट पाहिली. कुणीच येईना. तिने समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मोठा काटा तीनवर आला होता. सव्वाबारा. सात महिने रोज या काट्याला बालवाडी सुटत होती, आणि आज कुणी सोडतच नव्हतं. तिने दोरी ठेवली, रंगमंचाच्या मधोमध आली आणि वर्गाच्या बाईंच्या हुबेहूब आवाजात म्हणाली,

"सगळ्यांनी उभं राहा."

सगळे उभे राहिले.

"डबा? बाटली? रुमाल?"

पर्स उघडल्या, खिसे चाचपले गेले. एका आजोबांनी खुर्चीखालून आपली छत्री काढली.

"खुर्ची उचलून मागे. घासायची नाही. आता रांग. पुढच्याचा खांदा धरा. ढकलायचं नाही."

साहेबांनी टोपी घातली आणि पुढे उभ्या असलेल्या एका दातांच्या डॉक्टरांचा खांदा धरला. डॉक्टरांनी बेडकाच्या आजीचा. दोनशे माणसांची एक रांग पाऊल न वाजवता दाराकडे सरकू लागली. कुणी खोकलंसुद्धा नाही. त्यात बिट्टीचे आजोबा होते, डोळे पुसत होते, पण हात खांद्यावरून न काढता. पस्तीस वर्षं शाळा चालवलेल्या मोठ्या बाई तोंड उघडं टाकून बघत होत्या. बिट्टीच्या आईच्या हातातून फुगा कधी सुटला, तिलाच कळलं नाही. तो घरंगळत पडद्याला जाऊन टेकला.

बिट्टीने वळून पाहिलं. "तुम्ही दोघी राहिलात."

दोघी मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या, पुढे मोठ्या बाई, मागे आई. थोडं पुढे गेल्यावर बाईंना राहवेना. मान न वळवता त्यांनी हळूच विचारलं, "किती दिवस बसवत होतात हे?"

"सात महिने," आई म्हणाली.

मागून आवाज आला, "रांगेत बोलायचं नाही."