कृष्णातराव यांनी फायलींस रंग चढविला त्याची हकीकत

शके १९२६, तारणनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत मालक बाळासो यांचे ओतकारखान्यात जो रंगसंग्राम जाहला, तो लिहावा ऐशी आज्ञा कोणी केली नाही. तथापि ज्या लढाईस दप्तर नाही तिचा काळ घास करितो, हे जाणून यथामती लिहिले असे.

कृष्णातराव हे संगणकदप्तराचे दरकदार. अकरा वर्षे खुर्ची राखून होते आणि पंप-व्हॉल्व्हचे चारशे नकाशे त्यांचे हवाली होते. दसऱ्यास नवा संगणक आला, आणि त्यात लिनक्स नामे प्रणाली, आणि तिचा रिवाज ऐसा की काळ्या पडद्यावर हुकूम टंकावा, मग फायलींची यादी उतरावी. फायली पांढऱ्या, आणि त्या ज्यांत वस्ती करितात ती फोल्डरे गर्द निळी. काळ्यावर निळे म्हणजे अवसेच्या डोहात बुडालेले आभाळ. कृष्णातरावांस एक नाव वाचवेना, मग अंदाजाने शिरले, आणि भलताच नकाशा छापून भट्टीकडे रवाना जाहला, आणि चाळीस नग भंगारात पडले.

मालक बहुत संतप्त होऊन आले. "किष्णा, तुझं डोळं गेल्यात गड्या!" आणि हुकूम फर्माविला जे, शनिवारपावेतो यादी बिनचूक वाचून दाखवावी, न वाचल्यास दप्तर सोडून फाटकावरील वजनकाट्यावर रुजू व्हावे. महाद्वार रस्त्यावरील चष्मेवाल्याने नजर शाबूत असल्याचा दाखला दिला. हुजुरांनी तो नामंजूर केला. कृष्णातरावांनी खिडकीतून काट्याकडे पाहिले. तेथे दिवसभर ट्रक चढत होते आणि उतरत होते, आणि एकाही ट्रकावर नकाशाचे नाव नव्हते.

मग मसलत केली, आणि राजारामपुरीतील सायबर कॅफेवर स्वारी केली. कोण्या परमुलखीच्या फकिराने यादीस हवे ते रंग देणारा तक्ता रचून जगास खैरात केला होता, तो फ्लॉपीत कैद केला, फ्लॉपी जेवणाच्या डब्यात दडविली, आणि एस्टीने कागल गाठले. तक्ता संगणकात बसविला, रंग हलेना. पुन्हा बसविला, हलेना. तिसऱ्या हल्ल्यात उमगले की, संगणकातील चालू दरबार बरखास्त करून, म्हणजे लॉगआउट होऊन, पुन्हा दाखल जाहल्याखेरीज नवा रंग मुजऱ्यास येत नाही.

आता कोणास कोणता रंग द्यावा, हा पेच पडला. तेव्हा साचेकारखान्याचे सुभेदार रामलिंग मिस्त्री, निपाणीकडील, यांस पाचारण केले.

"त्यात काय इचारायचं, अप्पा?" मिस्त्री म्हणाले. "लाकडी साच्याला मारतो त्योच की! पोकळ ठिवायचं तिथं पिवळा, घासून काढायचं तिथं तांबडा, आन् जे हाय तसं सोडायचं ते काळं. तीस वर्षं मारतोय, एक बी साचा रुसला न्हाय."

फोल्डर हे पोकळच. त्यास पिवळा दिला. काम करणारे प्रोग्राम, त्यांस तांबडा. नकाशे जैसे आहेत तैसे राहणार, त्यांस काळा. कृष्णातरावांची हयात साच्यांच्या शेजारी गेली. त्यांस यात काही गैर दिसले नाही.

शनिवारी हुजुरांची स्वारी दाखल जाहली. हुकूम टंकला, आणि फोल्डरे भंडाऱ्यासारखी पिवळीजर्द उजळली, आणि मिस्त्रींनी मान डोलाविली. मग कृष्णातराव 'पंप' या फोल्डरात शिरले, आणि यादी मागितली, आणि काहीच आले नाही.

"नकाशं कुठं हायत रं?" मालक गरजले. "चारशे नकाशं! आता काटा बी न्हाय, सरळ घरची वाट धर!"

मिस्त्री "शिवा, शिवा" म्हणत दोन पावले मागे सरकले. कृष्णातरावांनी पुन्हा हुकूम दिला. पुन्हा काळोख. मात्र लुकलुकणारी रेघ वरून निघून थेट तळास जाऊन थांबली. काहीच नसते तर ती इतकी चालली कशास? कृष्णातराव त्या अंधाराकडे पाहत राहिले, आणि अंधार रिकामा नव्हता. काळ्या भुईवर काळ्या पोशाखात फौज उभी होती, गप्प, एकूण एक हजर.

"मालक, हायत की!" ते ओरडले. "काळ्यावर काळं बसलंय!"

"व्हय, अप्पा," मिस्त्री हळूच म्हणाले. "साचा लाकडाचा, त्यो पिवळसर असतोय. ह्ये ध्यानात न्हाय आलं."

तत्काळ काळा रंग बडतर्फ करून पांढरा नेमिला, दरबार पुन्हा भरविला, आणि नकाशे रांगेने उगवले. कृष्णातरावांनी नकाशांची, आणि मग फोल्डरांचीही नावे पहिल्यापासून अखेरपर्यंत वाचिली, अडखळले नाहीत.

हुजूर खुर्चीमागून वाकले, आणि बोटाने एकेक पिवळे नाव जुळवीत गेले. "ह्ये बरं केलंस. ह्ये मला बी वाचाय येतंय. मागलं निळं तर मला—"

येथे थांबले. मिस्त्री पंख्याकडे पाहू लागले. मग मालकांनी घसा साफ करून फर्माविले जे, कृष्णातरावांची खुर्ची पूर्ववत बहाल, आणि चाळीस नगांची चौकशी येथेच दाखल दप्तर.

येणेप्रमाणे कृष्णातराव यांची फत्ते जाहली. हुजुरांचे अर्धे वाक्य कारखान्यात कोणी पुरे केले नाही; बखरकारानेही ते होते तैसेच ठेविले असे.