स्लेव्ह तीन नाराज आहेत

आंबीच्या आमच्या कारखान्यात पंपांना अहो-जाहो करणारा एकच माणूस आहे. बबनभाऊ. आंदर मावळातले, वीजदुरुस्तीवाले, निवृत्तीला आलेले. सकाळीच फोन करणार, "ताई, स्लेव्ह तीन जरा नाराज हायेत. पानी सोडत न्हाईत." वर खुलासा, "मी काय बोललो न्हाई हां त्यांना!"

आमच्याकडे एक पंप हुकूम देतो, बाकीचे चार पाळतात. पडद्यावर हुकूम देणारा 'मास्टर' आणि पाळणारे 'स्लेव्ह'. ते सॉफ्टवेअर माझं. यंदा पुण्याच्या ऑफिसातून सायली आली आणि म्हणाली, हे शब्द माणसांना लागतात, बदलू या. झालं, बैठक बसली.

"पंपाचा कसला आलाय अपमान?" मॅनेजरसाहेब म्हणाले. मीही त्यांच्याच बाजूची. शेकडो ठिकाणी नाव बदलायचं काम माझ्याच गळ्यात येणार होतं.

भाऊही बैठकीला होते. सायलीनं त्यांचं मत विचारलं. भाऊ म्हणाले, "आदी मला सांगा, स्लेव्ह म्हंजे काय? मला वाटायचं, कंपनीचं नाव आसंल."

"गुलाम," साहेब म्हणाले.

भाऊंनी डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "आन् मी येवढी वर्सं त्यांना तोंडावर गुलाम म्हनत हुतो?"

आम्ही पोट धरून हसलो. भाऊ मात्र पेटले. 'थोरले-धाकले' सुचवलं. साहेब म्हणाले, पाचही एकाच ट्रकमधून आलेत. मग 'नवरदेव आणि वऱ्हाडी'. ते भाऊंनी स्वतःच खोडलं, "वऱ्हाडी कुनाचं ऐकत्यात व्हय?" विषय पुढच्या बैठकीवर गेला.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ तो शब्दच उच्चारेनात. "ते तीन नंबरचे गृहस्थ बंद हायेत," असा निरोप येऊ लागला. एकदा चहा पिताना मी वैतागून म्हटलं, "भाऊ, पंपाला काय कळतंय?"

"पंपाला न्हाईच कळत." त्यांनी चहावर फुंकर मारली. "आमचा बाप दुसऱ्याच्या घरी सालानं राबायचा. अख्खं गाव त्याला 'गडी' म्हनायचं. आई 'आवं' म्हनायची. शाळेत गुरुजींनी बापाचं नाव इचारलं, तर मी सांगितलं, 'गडी'. पोरं लय हासली. मी बी हासलो. मला खरंच म्हाईत नव्हतं, ताई."

चहा तसाच ठेवून मी साहेबांकडे गेले. "बदलते," म्हटलं. "बघा, वेळ तुमचाच जाणार," ते म्हणाले. दोन दिवस गेले खरे.

काम झाल्यावर भाऊंना पंपघरात बोलावलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून वाचलं, "मुख्य... सोबती एक... सोबती दोन..." आणि मान डोलावली.

"भाऊ, बाबांचं नाव काय होतं?"

"कोंडिबा," ते पुटपुटले. पाचही पंप चालू होते, मला ऐकू आलं नसेल असं त्यांना वाटलं असावं. मग मोठ्यानं म्हणाले, "कोंडिबा म्हादू!"