व्याह्यांची मधली चित्रं

"खाली बसा, विहीणबाई. अजून नावं चालू आहेत."

सिनेमा संपला होता, अर्धे दिवे लागले होते, मला जोराची लघवी लागली होती आणि माझ्या सुनेचे वडील रांगेच्या तोंडाशी पाय आडवा टाकून बसले होते. पडद्यावर जपानी नावं खालून वर चालली होती.

"एवढ्या माणसांनी हातानं चित्रं काढलीत. उठणं म्हणजे त्यांचा अपमान."

मी चौथी शिकलेली बाई. जपानी नावांचा मान मी कसा राखायचा? मी सईकडे बघितलं. सई माझी नात, वय वर्षं सात. तिनं माझा पदर खाली ओढला.

"आजी, सिट डाऊन ना. डोन्ट बी रूड."

मी बसले. माझ्या पोटच्या पोराच्या पोरीनं त्यांच्यासाठी मला खाली बसवलं. याहून वाईट या अमेरिकेत माझं काही झालेलं नाही.

आमच्या व्याह्यांचं नाव सदाशिवराव. पुण्याला एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. ठरलं असं होतं की मुलाच्या मॉरिसव्हिलच्या घरात सहा महिने त्यांनी राहायचं, सहा महिने मी. यंदा माझे सहा महिने सुरू झाले तरी ते हलले नाहीत. आल्या दिवशी देवघराशेजारी एका पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याचा फोटो दिसला. चेहरा शांत. कोणी महाराज असतील म्हणून मी आठवडाभर रोज फूल वाहिलं. मग सून म्हणाली, "आई, तो जपानमधला कार्टून काढणारा आहे. बाबांचा फेव्हरेट."

फूल बंद केलं. व्याह्यांनी सुरू केलं.

हा जपानी गडी चित्रांचे सिनेमे करतो. मधूनमधून जाहीर करतो की आता पुरे, निवृत्त झालो. त्या दिवशी व्याही जेवत नाहीत. दोन-चार वर्षांनी तो परत कामाला लागतो, मग घरात शिरा. माझ्या डोळ्यांसमोरच एकदा शिरा झाला. सिनेमे मी सगळे बघितले, सई त्यांच्या मांडीवर आणि मी बाजूच्या खुर्चीत. गोष्ट चांगली रंगात येते आणि मध्येच कोणीतरी भाजी चिरत बसतं. वारा येतो, गवत हलतं. संपलं.

"यात झालं काय?" मी विचारलं.

"तेच तर झालं!" व्याही म्हणाले.

ते सईला समजावून सांगत. हात खाली असलेलं एक चित्र मोठा चित्रकार काढतो, हात वर असलेलं दुसरं काढतो. त्या दोन्हींच्या मधली सगळी चित्रं शिकाऊ पोरं काढतात. ती नसली तर हात उडी मारतो. तेव्हापासून जेवताना, जिना चढताना, मी सईची वेणी भराभरा घालताना त्यांचं एकच: "घाई नको, मधलं राहून जाईल."

आधी सई शाळेच्या बसमधून उतरली की धावत माझ्याकडे यायची. लाडू खायची, शाळेतली भांडणं सांगायची. आता ती थेट तिच्या आबांकडे, म्हणजे व्याह्यांकडे. वरच्या रिकाम्या खोलीत व्याह्यांनी सुनेचा काचेचा टीपॉय नेला, त्याखाली दिवा ठेवला, वर कागदावर कागद. दोघं दार लावून चित्रं काढत. दाराला सईच्या अक्षरात पाटी: आजीनं येऊ नये. इंग्रजीत असती तर सगळ्यांसाठी असती. मराठीत होती, म्हणजे माझ्यासाठीच.

एका शनिवारी ती दोघं लायब्ररीत गेल्यावर मी आत गेले. गेलेच. मी काही पाट्या मानणारी नाही.

कागदांचे ढीगच ढीग. प्रत्येकावर एक बाई भाकरी थापताना. पदर खोचलेला, समोर परात. माझंच चित्र! मी खाली बसून एकेक कागद बघितला. मग लक्षात आलं, ही बाई डाव्या हातानं थापतेय. मी तर उजवी.

दारात दोघं उभी होती.

"आजी! साइन वाचली नाहीस?"

"ही कोण?" मी व्याह्यांना विचारलं.

"मालती," ते म्हणाले. ही त्यांची बायको. सई जन्मायच्या आधीच गेली. "डावखुरी होती. गोळा उचलतानाची आठवते, तव्यावर भाकरी टाकतानाची आठवते. मधलं काही केल्या आठवत नाही. ते तुमचं घेतलं. माझा हात कापतो, म्हणून काढते सई."

म्हणजे दोन महिने रोज माझ्या ओट्याशी येऊन उभा राहणारा हा माणूस मनात भाकरीला नावं ठेवत नव्हता, माझे हात बघत होता.

"मग मला सांगायचं होतं!"

"सांगितलं की हात बदलतात."

"आणि तू पावडर लावली असतीस," सई म्हणाली.

मेलेल्या बाईचा हेवा करू नये. मी केला. माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्ली. हात त्यानं कधी बघितले नाहीत. आणि या बाईला पार अमेरिकेत हात काढायला माझी नात मिळाली.

"चूक आहे हे सगळं," मी म्हणाले. "थापायचा हात तेवढा डावा केलाय, बाकी सगळं माझंच ठेवलंय. डावखुऱ्या बाईचा उजवा हात कड सांभाळतो, भाकरी उलट्या अंगानं फिरते. खाली चला दोघं."

ज्वारीचं पीठ मळलं. डाव्या हातानं थापायला घेतली. पहिली फाटली. दुसरी तव्यावर जाताना मोडली. तिसरीचा नकाशा झाला. सई स्टुलावर बसून काढत होती. "आजी, स्लो! मधलं राहतंय." मी हळू केलं. चौथी गोल आली, फिरायला लागली.

व्याही ओट्याची कड धरून बघत राहिले, मग खिडकीकडे तोंड केलं.

"धूर झालाय," ते म्हणाले.

धूर नव्हता. मी पाचवा गोळा घेतला.

मुलगा आणि सून बाजारात गेली होती. स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो: मी, सई आणि मालतीबाईंचा नवरा.