हनुवटी टेकवा, ठिपक्याकडे बघा

भिंतीने हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली. फुटबॉल संघात सगळ्या तिला भिंतच म्हणत, कारण तिच्यामागच्या जाळीत चेंडू क्वचितच जाई. महिन्यापूर्वी एक चेंडू अडवताना ही भिंत गोलच्या खांबावर आदळली आणि मेंदूला असा हिसका बसला, की वाचताना ओळीतली अक्षरं जागा सोडून पळू लागली. आज डोळ्यांची तपासणी होती. पास झाली तर रविवारी अंतिम सामना, नाहीतर बाकावर बसून टाळ्या.

"डोकं हलवायचं नाही. फक्त डोळ्यांनी लाल ठिपक्याचा पाठलाग करायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ठिपका निघाला, मागोमाग डोळे निघाले. तेवढ्यात पाठीमागून तिच्या प्रशिक्षकांचा दबका आवाज आला, "उजवीकडे, उजवीकडे! चेंडू समज त्याला!"

भिंतीचे डोळे आपोआप छताला भिडले. यंत्राच्या पडद्यावर डोळ्यांची हालचाल दाखवणारी रेघ सुर्रकन वर उडाली.

"परत करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अगं, जरा मन लाव ना!" सर कळवळले. रेघ पुन्हा वर.

"सर, तुम्ही तोंडाला कुलूप लावता का?" बाजूला बसलेली आई कडाडली. "आणि तू गं, ताठ बस. घरीपण अशीच पोक काढून बसतेस."

आता रेघ वर गेली, गिरकी घेऊन खाली आली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "हा प्रकार काही पुस्तकात नाही. घरी होतं असं?"

"लहानपणापासून! खोली आवर म्हटलं की होतं. उलट डोकं आपटल्यावरच थांबलं होतं. पंधरा दिवस ऊठसूट 'बरं आई', 'बरं आई'. माझी तर झोपच उडाली हो!"

डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "सर, अजून काहीतरी बोला बरं."

"आमच्या वेळी डोकं फुटलं तरी रुमाल बांधून खेळायचो आम्ही!"

दोन्ही डोळे एकदम, जराही न अडखळता, पूर्ण गोल फिरले.

"झकास! डोळे ठणठणीत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण डोळे म्हणजे अख्खं डोकं नव्हे. रविवारी खेळायचं नाही. आधी हलका सराव, मग बघू."

सरांचा चेहरा पडला. भिंतीच्या जिभेवर एकाहून एक जहाल उत्तरं गोळा झाली. पण खांबावर आदळल्यानंतर गरगरलेलं मैदान तिला आठवलं आणि तिने ती सगळी गिळली.

"बरं डॉक्टर," ती शांतपणे म्हणाली.

आईच्या हातातली पर्स खाली पडली.

"डॉक्टर, परत तपासा हिला!"