आतून मारलेल्या पाचरी

जगात उद्या झोंबी आले, तर शेवटपर्यंत टिकणारा माणूस मीच असेन! शुक्रवारी दुपारी चहा पिताना मला याची खात्री पटली, ती शनिवारी दुपारपर्यंत टिकली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. झोंबी म्हणजे मेलेलं माणूस, पण मेल्यावरही स्वस्थ न बसणारं. त्याला एकच काम, जिवंत माणसाला चावायचं. मग तोही झोंबी. मुलीने माझ्या टीव्हीत सिनेमे लावून दिलेत, त्यात हा कोरियन सिनेमा निघाला. भाषा कळत नाही, खालची अक्षरं वाचेपर्यंत पळतात. पण भूक कळते, भीती कळते, आणि मी सुतार असल्यामुळे दार कळतं. त्या सिनेमात दारच जास्त होतं.

एक पोस्टमन पार्सल द्यायला उंच इमारतीत जातो आणि तेवढ्यात शहरात साथ पसरते. तो परक्याच्या रिकाम्या घरात अडकतो. एकटा! पाणी मोजून पितो, फोन बंद ठेवतो, कानात कापूस घालून झोपतो. आणि दाराला काय लावतो? सोफा! तोही चाकांचा!

"अरे बाळा, सोफ्याने दार अडतं का?" मी टीव्हीला म्हणालो.

आमची ही असती तर स्वयंपाकघरातून ओरडली असती, "त्याला ऐकू जात नाही!" हिला जाऊन वर्ष होत आलं. टीव्हीशी बोलून झालं की मी अजून जरा वेळ थांबतो.

दाराला टेकू देण्याचा माझा विचार निव्वळ हौसेचा नव्हता. रविवारी मुलगी येणार होती, मला न्यायला. घराला कुलूप लावायचं आणि मी तिच्याकडे जाऊन राहायचं, असं तिने त्याच आठवड्यात फोनवर ठरवून टाकलं होतं.

"मी राहतोय की एकटा नीट!" मी म्हणालो होतो.

"एकटे? दूध कोण आणतं?"

"भोंगा."

"गोळ्यांची आठवण कोण करतं?"

"नर्सबाई."

"मग एकटे कुठे राहता बाबा? अख्खी इमारत राबते तुमच्यासाठी!"

भोंगा म्हणजे समोरच्या दारातले निवृत्त बस कंडक्टर. 'पुढे सरका' म्हणण्यात उभी हयात गेली, त्यामुळे हळू बोलणं त्यांच्या गळ्यात बसत नाही. ते कानात गुपित सांगतात तेव्हा खालच्या मजल्यावरची माणसं माना डोलावतात! नर्सबाई वरच्या मजल्यावर राहतात. हिच्या आजारपणात रात्री-अपरात्री त्यांना आत येता यावं म्हणून मी दाराची आतली कडीच काढून टाकली होती. तेव्हापासून किल्ली भोंग्याकडे असते, आणि सकाळी मी तोंड धुऊन येईपर्यंत दूध ओट्यावर असतं. मदत नको म्हणायची सोयच नाही.

म्हणून बेत केला. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार, कोणाचीही मदत घ्यायची नाही. घरात आहे त्यावर भागवायचं. मुलगी आली की विचारायचं, "बोल, आता कोणी आणलं दूध?" दूध, भाजी, पाव, गोळ्या, सगळं आणून ठेवलं. पाण्याची पिंपं भरली. पोस्टमनसारखा फोन बंद केला. आता फक्त भोंग्याला बाहेर ठेवायचं होतं.

सोफा मी लावणार नव्हतो. माझी काही इभ्रत आहे! आतल्या खोलीत लग्नानंतर मी हिच्यासाठी बनवलेलं लाकडी कपाट आहे. आमच्या लग्नासारखंच, दिसायला साधं पण हलता हलत नाही. त्याच्याखाली जुनी सतरंजी सरकवली आणि ओढत ओढत दारापाशी आणलं. पॅसेज इतका अरुंद की वळवायला जागा नाही. त्यामुळे कपाटाचं तोंड दाराकडे आणि पाठ माझ्याकडे राहिली. दोन्ही बाजूंना बोटभर फट होती. तिथे मी हातभर लांब पाचरी ठोकल्या. कडक लाकडाच्या, टोकाकडे निमुळत्या, चांगल्या दणकून! कपाट भिंतीतून उगवल्यासारखं दिसायला लागलं. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि स्वतःलाच म्हणालो, "वा मिस्त्री!"

शनिवारची सकाळ राजासारखी गेली. चहा केला, भाजी चिरली, गोळी आपणहून घेतली. दारावर भोंग्याचा हात पडणार हे ठाऊक होतं, म्हणून कानात कापूस घातला. जेवून आरामखुर्चीत जरा डोळा लागला.

जाग आली आणि पाहतो तर काय! कपाटाच्या वर, छताखालच्या फटीतून, एक हात आत आलेला! नुसता हात! पाच बोटं कपाटाच्या टपावर काहीतरी चाचपडत होती. कानात कापूस, त्यामुळे आवाज नाही. डोळ्यांवर झोप, डोक्यात सिनेमा. मी लांब दांड्याचा झाडू उचलला आणि दांड्याने त्या हातावर असा हाणला, असा हाणला, की कापसातूनही ऐकू आलं!

"अयाई गंऽऽ! मारलं मला!"

झोंबी असं ओरडत नाहीत. मी कापूस काढला.

"जिवंत आहे!" पलीकडून भोंगा गरजला. "नर्सबाई, जिवंत आहे तो! मेलेला माणूस एवढ्या जोरात मारत नाही!"

"काका!" नर्सबाईंचा आवाज. "पडलात का? चक्कर आली का?"

"मी ठणठणीत आहे! पण तुम्ही दार कसं उघडलंत?"

"कसं म्हणजे? किल्लीने! दार उघडलं तर पुढ्यात कपाट! मला वाटलं घर चुकलो!"

आता मी खाली बसलो. आमचं दार बाहेर उघडतं. पूर्वी आत उघडायचं, तेव्हा अरुंद पॅसेजमध्ये ते हिच्या पायाला लागायचं. "नवरा सुतार आणि माझीच नखं फुटतात!" असं ती म्हणाली, म्हणून मीच बिजागऱ्या काढून दार उलटं बसवलं होतं. या माझ्या हातांनी! रोज तेच दार बाहेर ढकलून घराबाहेर पडतो. पण सिनेमातलं दार आत उघडत होतं ना! बाहेर उघडणाऱ्या दाराला मी आतून टेकू दिला होता. म्हणजे दार कोणीही उघडावं, फक्त मी बाहेर पडू नये!

"बरं, आता सरकवा ते कपाट," भोंगा म्हणाला.

"सरकवतो की."

हातोडी घेतली आणि दुसऱ्यांदा खाली बसलो. पाचर ज्या बाजूने मारली त्या बाजूने निघत नाही. तिच्या बारीक टोकावर उलट ठोका द्यावा लागतो, आणि बारीक टोकं होती पलीकडे, भोंग्याच्या बाजूला! हाताखालच्या पोरांना मी जन्मभर ओरडलोय, "पाचर मारण्याआधी ती काढायची कशी ते बघा!"

"भोंगेसाहेब," मी जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "जरा मदत कराल का?"

"हातोडी द्या."

वरच्या फटीतून हातोडी दिली. भोंग्याने ती डाव्या हाताने घेतली, उजवा कामातून गेला होता.

"खालच्या पाचरीला आधी! हळू! टोकावर!"

"मिस्त्री, मला शिकवू नका! एका हाताने घंटी मारत चालत्या बसमध्ये तिकिटं फाडलीत मी!"

एक पाचर निघाली, दुसरी निघाली. शेवटची निघताना भोंग्याने हातोडी नेमकी स्वतःच्या अंगठ्यावर मारली आणि अख्ख्या इमारतीला त्याची माहिती मिळाली. तरीही कपाट हलेना. त्यांनी ढकलावं, मी ओढावं, सतरंजी गोळा होऊन पायाखाली अडकलेली.

"जड आहे हो," नर्सबाई म्हणाल्या. "कपाटाची दारं आमच्या बाजूला आहेत. उघडून रिकामं करू का?"

"नको!" मी म्हणालो.

हे मी जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण पलीकडे भोंगासुद्धा गप्प झाला. त्या कपाटात हिचे कपडे होते. ती गेल्यापासून मी ते उघडलं नव्हतं. मुलगी दोनदा म्हणाली, नर्सबाई एकदा म्हणाल्या. मी प्रत्येक वेळी बिजागरी कुरकुरते, तेल घालून मग बघू, असं म्हणायचो. बिजागरी मीच बसवलेली. ती कुरकुरत नाही.

जिन्यावर पावलं वाजली. धापा टाकत कोणीतरी वर आलं.

"बाबा आहेत ना? बोलताहेत ना?" माझी मुलगी! एक दिवस आधी!

"बोलतात आणि मारतातही," भोंगा म्हणाला.

"बाबा!" ती कपाटाला तोंड लावून म्हणाली. "सकाळपासून फोन करतेय. बंद! काकांना सांगितलं, जरा जाऊन बघा, तर ते म्हणे आतून काही उत्तर नाही. मी कशी बसमध्ये बसले ते मलाच माहीत!"

मी कपाटाची पाठ बघत उभा राहिलो.

"आईचं कपाट आहे हे," ती म्हणाली. "बाबा, मी काढू का? मी एकटीच काढते."

मी "काढ" म्हणालो.

कपाटाचं दार उघडल्याचं मला पाठीकडून जाणवलं. मग घड्या निघाल्याचा आवाज. लाकूड माझ्या हाताखाली हलकं होत गेलं.

"बाबा, हा निळा स्वेटर. नर्सबाईंना होईल का?"

"होईल. पण बाह्या दुमडाव्या लागतील. तिचे हात लांब होते."

"होतोय काका," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी तो तिथेच घातलेला असावा. "उबदार आहे."

"आणि ही लोकरीची टोपी मला!" भोंगा म्हणाला.

"अहो काका, ती बायकांची आहे. वर फूल आहे!"

"असू दे! फुलाने कान थोडेच गार पडतात?"

मला हसू आलं. तिकडे मुलगीही हसली, नाक ओढत. मग चौघांनी मिळून जोर लावला आणि कपाट सुळकन घरात आलं, माझ्यासकट. मी सतरंजीवर बसकण मारून थेट बैठकीत! पॅसेजमध्ये मुलगी उभी, डोळे लाल. निळ्या स्वेटरमध्ये नर्सबाई. आणि फुलाच्या टोपीत भोंगा, हात छातीशी धरून.

मी उठलो, कपडे झटकले. आता हरलो ते हरलो. निदान रडारड तरी नको.

"बॅग भरतो," मी म्हणालो. "मला राहता येत नाही एकट्याला, बघितलंस तू. लाव कुलूप."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

"कसलं कुलूप? अहो बाबा, यांचा दोघांचा काल रात्री फोन आला होता. अर्धा तास भांडले माझ्याशी. भोंगाकाका म्हणाले, त्याला नेलंस तर मी सकाळी दूध कोणाला देऊ? मी म्हटलं, बरं, राहू देत त्यांना तिथेच. तेच सांगायला सकाळपासून फोन करत होते!"

मी भोंग्याकडे पाहिलं. तो फुंकर घालत होता. आधी हातावर, मग अंगठ्यावर. दोन्ही टम्म सुजले होते.

"बसा बसा, बर्फ लावतो," मी घाईघाईने म्हणालो आणि फ्रिज उघडला.

दोन दिवस कोणाचं तोंड बघावं लागू नये, इतकं सगळं घरात होतं. बर्फ तेवढा नव्हता. वर जाऊन नर्सबाईंकडून मागून आणला.