अमडापूरच्या चेंडूसंग्रामाची व रोडग्यांची हकीकत

पृथ्वीतलावर आजवर जितके संग्राम जाहले तितक्यांत ज्याचे अंगी दम त्याचीच फत्ते जाहली, हा सिद्धांत त्रिकालाबाधित होय. अमडापुरी मात्र उलटे घडले, ते ऐसे जे :

महाराष्ट्र राज्य जाहले त्याचे पुढील साली, माहे रमजानी, नांदुऱ्याच्या जिनिंगवाल्यांची पगारी फुटबॉल फौज अमडापुरावर चालून येणार ऐसी खबर आली. ही फौज रोज पहाटे दौडे, दंड काढी आणि खेळण्याचाच पगार खाई. अमडापूरकर शूर खरे, परंतु मध्यंतरानंतर धापा टाकीत. सबब दरसाल शिकस्त. मैदान म्हणजे कप्तान पंजाबराव यांचे पडीत वावर. तेव्हा त्यांचे कुटुंब शालूबाईसाहेब यांनी कपाशी पेरण्याचे निर्वाणीचे फर्मान काढिले जे, "औंदा हारले तं वावरात पऱ्हाटी पेरीन. चेंडू मंग चुलीपाशी खेळा."

मग पंजाबरावांनी तमाम सरदारांस देवीच्या टेकडीवर दौड फर्माविली आणि पंधरवडाभर अर्धे गाव लंगडत चालले. फकीर मोहम्मद शिंपी यांस रोजे असल्याने दौड माफ होती. शिवाय एक खाशी मसलत योजिली जे, सामन्यापूर्वी गनिमास गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे जड रोडगे, वांग्याची भाजी व तूप यांची पंगत द्यावी आणि आग्रहानेच जेर करावे.

वावरातील लिंबाखाली पंगत मांडली. परंतु नांदुऱ्याचे कप्तान महादेवराव हात राखून बसले. "तुमी बसल्याबिगर आमी घास नाही उचलत, भाऊ." पाहुण्यांस एकटे जेवू देणे ही बेअदबी, सबब पंजाबराव फौजेसुद्धा पंगतीत उतरले, आणि शालूबाईसाहेबांनी उभय दळांत काडीमात्र दुजाभाव न करिता तूप ओतिले. पंजाबराव "पुरे" म्हणताच जबाब आला, "काऊन? टेकडी चढले ना तुमी? घ्या!"

मग सामना सुरू जाहला आणि उभय पक्षांचे वीर रणांगणी उभे राहिले, ते उभेच राहिले. चेंडू जवळून गेल्यास त्यास नजरेने निरोप देत. पंजाबरावांचा "पळ बे!" ऐसा हुकूम सुटता एक सरदार वदले, "रोडगा खाली उतरू द्या ना, भाऊ!"

अखेर रोजेदार फकीर मोहम्मद एकटेच चेंडू घेऊन निघाले, आणि नांदुऱ्याचे गोलकीपर खांबास टेकून ढेकर देत असता गोल करिते जाहले.

येणेप्रमाणे अमडापूरची फत्ते जाहली आणि वावर राहिले. परंतु सारा संग्राम लिंबाकडील अर्ध्या वावरातच घडला, पलीकडे आमचे गोलकीपरदेखील गेले नाहीत, हे शालूबाईसाहेब बांधावरून पाहत होत्या.

मृगात त्यांनी पलीकडच्या अर्ध्यात पऱ्हाटी पेरली.