राजाभाऊंच्या हातावर पाणी

राजाभाऊ सबनीसांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं निदान राजाभाऊंचं तरी ठाम मत होतं. दुबईत जेबेल अलीच्या एका कंपनीत पर्चेस मॅनेजर! एखादा सप्लायर जरा गोड हसला, की हे आधी मालाची पेटी उघडायला लावत. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटवर परतले तरी ती नजर काही मिटत नसे. घरात दूध नासलं तरी त्यामागे कोण आहे, याचा तपास व्हायचा.

त्यामुळे आपल्या एकुलत्या एक मुलीचं, मुग्धाचं, काहीतरी शिजतंय हे त्यांनी लगेच ओळखलं. मुग्धा दुबईतच वाढलेली, आता नोकरीला लागलेली. जन्मभर वरणभाताला नाक मुरडणारी ही पोरगी अचानक गवती चहा आणि नारळाचं दूध घेऊन ओट्याशी उभी राहू लागली! दर शनिवारी 'थाई मैत्री मंडळा'त जाऊ लागली. फोनवर बोलताना हात जोडू लागली. फोनवर! पलीकडच्याला ते दिसणार कसे? आणि तोंडी सारखं एकच नाव: थनावत.

"हा थनावत कोण?"

"जस्ट अ फ्रेंड, बाबा. मंडळाचे प्रोग्रॅम तोच बघतो."

त्यातला 'जस्ट' राजाभाऊंना सप्लायरच्या 'लास्ट प्राइस'इतकाच संशयास्पद वाटला.

एप्रिल उजाडला आणि मुग्धाने फर्मान काढलं, "सॅटरडेला थाई न्यू इयर आहे. तुम्ही आणि आई मस्ट कम. बाबा, सिल्कचा कुर्ता घाला. यू आर सिटिंग इन द फ्रंट!"

"पुढे कशाला?"

"सरप्राइज!"

राजाभाऊंनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, सिल्कचा कुर्ता, पुढची खुर्ची... तुला कसला वास येतोय का?"

"येतोय ना!" विभावरीबाई गॅसकडे धावल्या. "तुमच्या नादात भाजी करपली!"

शनिवारी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि राजाभाऊ दारातच थबकले. दाराला झेंडूच्या माळा! टेबलावर केळीची पानं! जिकडेतिकडे रेशमी वस्त्रं! आता फक्त सनई बाकी, असं ते पुटपुटतायत तोवर कोपऱ्यात कसलंसं वाद्य वाजू लागलं. मागच्या रांगेत महाराष्ट्र मंडळाच्या अपर्णाताई मोबाइल उगारून सज्ज. म्हणजे संध्याकाळच्या आत बातमी पार दूरच्या उम्म अल कुवैनपर्यंत!

दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. समोरून मुग्धा आली, थाई पोशाखात. शेजारी एक उंच, हसरा तरुण. दोघांनी मिळून एक चांदीची वाटी धरलेली.

"नमस्ते अंकल, आय ॲम थनावत. युअर हँड्स, प्लीज," म्हणत तो चक्क गुडघ्यांवर बसला.

राजाभाऊंनी गोंधळून ओंजळ पुढे केली. मुग्धाने आणि त्याने वाटी कलती केली आणि मोगऱ्याच्या वासाचं पाणी ओंजळीवर पडलं. राजाभाऊ त्या पाण्याकडे बघतच राहिले. त्यांच्या लग्नात सासऱ्यांच्या ओंजळीवर अस्संच पाणी पडलं होतं, आणि त्यानंतर दोन्ही पक्षांना काहीही परत करता आलं नव्हतं!

"स्टॉप! खलास!" राजाभाऊ ताडकन उठले. "मी कन्यादान केलेलं नाही! आय हॅव नॉट गिव्हन माय डॉटर!"

वाटी उडाली. उरलेलं पाणी थनावतच्या डोक्यावर. वाद्य थांबलं. अपर्णाताईंचा मोबाइल मात्र थांबला नाही.

"बाबा!" मुग्धा लालबुंद झाली. "हे लग्न नाहीये! न्यू इयरला छोटे लोक मोठ्यांच्या हातावर पाणी घालून ब्लेसिंग मागतात. दॅट्स ऑल! थनावत इज मॅरिड! ती बघा त्याची बायको, माइकवर!"

माइकवरच्या बाईंनी अदबीने हात जोडले.

राजाभाऊ परत खुर्चीत बसले. त्यांना खरं तर रडूच आलं. पोरगी आपल्याला न विचारता परस्पर लग्न ठरवणार, या एका धास्तीने त्यांची झोप उडाली होती. आता जीव असा भांड्यात पडला, की त्यांनी ओल्या थनावतला छातीशी धरलं आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. "यल्ला, या सगळे!"

तरुणांची रांगच लागली. राजाभाऊ मोकळ्या मनाने आशीर्वाद वाटत सुटले. "सुखी राहा! प्रमोशन मिळो! तुझा व्हिसा रिन्यू होवो!"

मग एक सडपातळ मुलगा आला. त्याने मान खाली घालून अशी घाईने वाटी कलती केली, की निम्मं पाणी सिल्कच्या कुर्त्यावर गेलं.

"नाव काय रे?"

"नीरव, अंकल. रोल्लामें रहता हूँ, शारजा."

"घाबरतोस काय हबीबी? मनात जे असेल ते माग. समज, दिलं!" राजाभाऊंनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. नीरवने वाकून त्यांचे पाय धरले, ते सोडीचना.

विभावरीबाईंनी पदर तोंडाला लावला. "अहो, मनापासून दिलंत ना?"

"म्हणजे?"

"बाबा," मुग्धा हळूच नीरवच्या शेजारी येऊन उभी राहिली, "आम्ही दोघं इथेच भेटलो. वी वाँटेड युअर ब्लेसिंग फर्स्ट."

राजाभाऊ बायकोकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"तुम्ही थनावतच्या मागे लागलात, म्हणून तर मला नीरवशी निवांत बोलता आलं. गुणी मुलगा आहे हो."

राजाभाऊंनी खिसे चाचपले. हात ओले होते, आणि खिशात रुमाल सापडेना. नीरवने लगबगीने आपला पुढे केला.

राजाभाऊंनी तो उलगडला. उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. आणि मग घेतला.